स्टुडिओतला प्रेक्षक

रात्री जेवणे आटोपल्यावर टीव्हीवर दिसणारा गप्पांचा किंवा विनोदाचा कार्यक्रम सहसा त्या रात्री घडत नसतो. काही दिवस, कधी काही आठवडे आधी मुंबईच्या उपनगरातल्या एखाद्या बंदिस्त स्टुडिओत तो चित्रित झालेला असतो, आणि तेव्हा बाहेर बऱ्याचदा लख्ख ऊन असते. स्टुडिओत सूत्रसंचालक, पाहुणे आणि तंत्रज्ञ यांच्याबरोबर समोरच्या पायऱ्यांवर प्रेक्षक बसलेले असतात. घरी बसलेल्या माणसाला त्यांचे हसणे सतत ऐकू येते आणि चेहरे मात्र क्षणभरच दिसतात. कार्यक्रमाची अर्धी ऊब या मंडळींकडून येते. तरीही तिथे जायचे कसे, किती वेळ बसावे लागते आणि तिथे नेमके काय करायचे असते, याची कल्पना फार थोड्यांना असते.

नाटकाचा प्रेक्षक आणि स्टुडिओतला प्रेक्षक यांत मूलभूत फरक आहे. नाशिकच्या महाकवी कालिदास कलामंदिरात तिकीट काढून बसलेल्या माणसासाठीच ते नाटक चाललेले असते. त्याला दिसेल, ऐकू येईल अशीच सगळी योजना असते. स्टुडिओत मात्र कार्यक्रम कॅमेऱ्यासाठी असतो. समोर बसलेल्याच्या आणि सूत्रसंचालकाच्या मध्ये कॅमेरा येतो, दिव्याचा खांब येतो, कधी एखादा तंत्रज्ञ पाठमोरा उभा राहतो. तिथल्या प्रेक्षकाने या गोष्टीची तक्रार करून उपयोग नाही, कारण तो पाहायला आलेला असला तरी त्याला बोलावलेले असते ते कार्यक्रमाला साथ देण्यासाठी.

ही साथ लागते, कारण विनोद करणाऱ्याला समोरच्या हशावरून पुढच्या वाक्याची वेळ साधावी लागते. हसू लवकर ओसरले तर वाक्य आधी येते, लांबले तर कलाकार थांबतो. समोर नुसते कॅमेरे असले की हा अंदाज चुकतो. अमेरिकेत १९५१ साली सुरू झालेली ‘आय लव्ह लूसी’ ही मालिका खऱ्या प्रेक्षकांसमोर एकाच वेळी अनेक कॅमेरे लावून चित्रित होत असे, त्यामागे हाच विचार होता. त्याच दशकात चार्ली डग्लस या ध्वनितंत्रज्ञाने ध्वनिमुद्रित हशांचे यंत्र तयार केले आणि प्रेक्षकांशिवायही हसू ऐकवता येऊ लागले. ते यंत्र खूप चालले, पण त्याने खऱ्या प्रेक्षकांची गरज काही संपवली नाही.

रात्रीच्या टॉक शोचा साचाही अमेरिकेतच घडला. एनबीसी वाहिनीवरचा ‘द टुनाइट शो’ २७ सप्टेंबर १९५४ रोजी स्टीव्ह ॲलन यांच्या सूत्रसंचालनाखाली सुरू झाला. पुढे जॉनी कार्सन यांनी १९६२ ते १९९२ अशी तीस वर्षे तो सांभाळला. सुरुवातीच्या काळात तो थेट प्रसारित होई. चित्रफितीची सोय आल्यावर संध्याकाळी मुद्रण आणि रात्री साडेअकराच्या सुमारास प्रसारण, अशी रीत रुळली. डेव्हिड लेटरमन यांचा कार्यक्रम १९९३ पासून न्यूयॉर्कच्या एड सलिव्हन थिएटरमध्ये होत असे, आणि ते सभागृह मुद्दाम थंडगार ठेवले जाई. गारठ्यात प्रेक्षक सुस्तावत नाहीत, असा त्यांचा ठाम समज होता. या कार्यक्रमांचे पास फुकट असतात आणि पर्यटक ते महिना-महिना आधी मिळवून ठेवतात.

मराठीत रोज मध्यरात्री लागणारा असा टॉक शो रुजला नाही. पण मुलाखत ऐकण्याची आवड इथे जुनी आहे. रंगमंचावर दोन खुर्च्या मांडून तास-दोन तास रंगणाऱ्या मुलाखतींना महाराष्ट्रात आजही सभागृहे भरतात, आणि नाशिककरांना तर गोदाकाठच्या वसंत व्याख्यानमालेमुळे उघड्या आकाशाखाली बसून वक्त्याला दाद देण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा हीच आवड छोट्या पडद्यावर आली. तबस्सुम यांचा ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ हा कलावंतांच्या मुलाखतींचा हिंदी कार्यक्रम त्याच वर्षी सुरू झाला आणि १९९३ पर्यंत चालला. खासगी वाहिन्यांच्या काळात अवधूत गुप्ते यांचा ‘खुपते तिथे गुप्ते’, सुबोध भावे यांचा ‘बस बाई बस’ असे कार्यक्रम आले. ‘बस बाई बस’मध्ये तर समोर बसलेल्या महिलाच पाहुणीला प्रश्न विचारत. प्रेक्षकाला बोलते करण्याचा हा चांगला प्रयोग होता आणि तो आणखी पुढे न्यायला हवा होता.

प्रेक्षकांच्या दृष्टीने सर्वांत मोठे उदाहरण मात्र ‘चला हवा येऊ द्या’चे. झी मराठीवर १८ ऑगस्ट २०१४ रोजी सुरू झालेला हा कार्यक्रम डॉ. निलेश साबळे यांच्या सूत्रसंचालनाखाली २०२४ पर्यंत चालला. थुकरटवाडी नावाचे काल्पनिक गाव, भाऊ कदम, कुशल बद्रिके, श्रेया बुगडे, भारत गणेशपुरे, सागर कारंडे यांची प्रहसने आणि कोचावर बसलेले पाहुणे असा त्याचा थाट होता. मराठी चित्रपटांच्या प्रसिद्धीसाठी ते हक्काचे ठिकाण झाले. २०१६ मध्ये ‘फॅन’ चित्रपटाच्या निमित्ताने शाहरुख खानही तिथे येऊन गेला. या कार्यक्रमात सागर कारंडे पोस्टमन होऊन अरविंद जगताप यांनी लिहिलेली पत्रे वाचत. आतापर्यंत हसणारा समोरचा समुदाय त्या पत्रांच्या वेळी गप्प होई आणि कॅमेरा पाणावलेल्या डोळ्यांवरून फिरे. असा परिणाम पैसे देऊन आणलेल्या टाळ्यांतून किंवा यंत्रातल्या हशातून कधीच साधत नाही. पत्र ऐकणारी माणसे खरी होती, म्हणून ते घरोघर पोचले.

नाशिकच्या द्वारका परिसरातल्या एखाद्या कुटुंबाला अशा चित्रीकरणाला जायचे झाले, तर पहिला प्रश्न पासाचा. मराठी कार्यक्रमांचे पास सिनेमाच्या तिकिटांसारखे सर्रास विकले जात नाहीत. वाहिन्या आपल्या पडद्यावर किंवा समाजमाध्यमांवरच्या अधिकृत पानांवर आवाहन करतात. कधी महिला मंडळे, महाविद्यालये, ज्येष्ठ नागरिक संघ यांना गटाने बोलावले जाते. कधी कार्यक्रमात काम करणाऱ्या कोणाच्या ओळखीने जागा मिळते. याखेरीज मुंबईत प्रेक्षक पुरवणारे ऑडियन्स कोऑर्डिनेटर असतात. आज अमुक स्टुडिओत इतकी माणसे हवीत, असा निरोप त्यांना येतो आणि ते गाड्या भरून माणसे आणतात. अशा प्रेक्षकांना दिवसाचे मानधन मिळते. दिवसभर ताठ बसून, सांगितल्या वेळी टाळ्या वाजवून, खुर्ची न सोडता काम करणाऱ्या त्या माणसांकडे तुच्छतेने पाहण्याचे काही कारण नाही. ते कष्टच आहेत. उलट बाजूही लक्षात ठेवावी: पास देतो किंवा ‘टीव्हीवर दाखवतो’ म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. प्रेक्षक म्हणून बसण्यासाठी वाहिन्या सहसा पैसे घेत नाहीत.

दुसरा प्रश्न जाण्या-येण्याचा, आणि बाहेरगावच्या प्रेक्षकाच्या दृष्टीने तोच खरा कठीण. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याकडे जाणारा रस्ता जिथे भेटतात ते द्वारका सर्कल नाशिकच्या सर्वांत गजबजलेल्या चौकांपैकी एक. इथून मुंबई सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. बरेचसे स्टुडिओ पश्चिम उपनगरांत आणि त्यांच्या पलीकडे आहेत: गोरेगावची चित्रनगरी, मढ, मीरा रोड-काशिमिरा, घोडबंदर रस्ता. मोटारीने गेल्यास इगतपुरी, कसारा घाट, भिवंडी आणि ठाण्यावरून घोडबंदर रस्त्याने थेट तिकडे जाता येते. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्याने घाटातला वेळ वाचू लागला आहे. भिवंडी-ठाण्याची कोंडी मात्र तशीच आहे.

रेल्वेने जायचे तर द्वारकाहून नाशिकरोड गाठून सकाळची पंचवटी एक्स्प्रेस घेणे सोयीचे. मुंबईत नोकरी करणाऱ्या नाशिककरांची ही जुनी, जिवाभावाची गाडी. ती दुपारच्या आत मुंबईत पोचवते, आणि चित्रीकरणाला प्रेक्षकांना दुपारी बोलावलेले असेल तर वेळ बरोबर जमते. अडचण परतीची आहे. पंचवटी संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास मुंबईहून सुटते आणि त्या वेळी स्टुडिओत दुसऱ्या भागाची तयारी चाललेली असते. रात्री उत्तरेकडे आणि नागपूरकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी बऱ्याच नाशिकरोडला थांबतात, पण त्यांचे आरक्षण आधीच करावे लागते आणि चित्रीकरण किती वाजता संपेल हे कोणी सांगू शकत नाही. म्हणून लहान मुले किंवा वयस्कर माणसे बरोबर असतील तर ठाणे-बोरिवलीकडे नातेवाइकांकडे मुक्काम करणे, नाहीतर पाच-सहा जणांनी मिळून गाडी ठरवणे, हेच शहाणपणाचे. पावसाळ्यात कसारा-इगतपुरी पट्ट्यात रात्री दाट धुके उतरते, हेही हिशेबात धरावे.

गोरेगावच्या चित्रनगरीत शिरताना नाशिककराला एक ओळखीचे नाव भेटते. राज्य सरकारने १९७७ मध्ये उभारलेल्या या नगरीला दादासाहेब फाळके यांचे नाव आहे. फाळके १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्मले, ‘राजा हरिश्चंद्र’नंतर त्यांनी नाशिकमध्ये चित्रपट काढले आणि १९४४ मध्ये नाशिकमध्येच त्यांचे निधन झाले. नाशिकमध्ये रुजलेल्या या धंद्याचा पसारा आज मुंबईत पाहायला मिळतो.

स्टुडिओच्या दारात ओळखपत्र पाहिले जाते. यादीत नाव नसेल तर आत सोडत नाहीत, मग माणूस कितीही लांबून आलेला असो. बहुतेक ठिकाणी मोबाइल जमा करून घेतात किंवा बंद करायला लावतात. पाहुणा कोण, प्रहसनात काय झाले, स्पर्धा असेल तर कोण जिंकले, हे प्रसारणाआधी बाहेर फुटू नये यासाठी ही काळजी असते. अनेकदा एका कागदावर सही घेतली जाते. आपले चित्रण प्रसारणात वापरायला आपली हरकत नाही, अशी ती संमती असते. ती वाचूनच सही करावी. मोबाइल जाणार असल्यामुळे घरच्यांचे दोन-तीन नंबर कागदावर लिहून खिशात ठेवणे उपयोगी पडते.

कपड्यांचे नियम ऐकून काहींना राग येतो, पण त्यांना तांत्रिक कारणे आहेत. पांढराशुभ्र रंग प्रखर प्रकाशात इतका उजळतो की त्यामुळे चेहरा काळवंडून दिसतो. बारीक रेघा आणि बारीक चौकडी कॅमेऱ्यात लाटांसारखी थरथरते. छातीवर मोठे बोधचिन्ह असलेला टी-शर्ट चालत नाही, कारण ती फुकटची जाहिरात होते. एकरंगी, ठळक कपडे उत्तम. मराठी कार्यक्रमांत काठापदराच्या साड्या आणि रंगीत कुर्ते आवडीने पुढच्या रांगांत बसवले जातात. जागा स्वतः निवडता येत नाही. रंग, उंची, वय आणि उत्साह पाहून प्रेक्षक पसरवले जातात, आणि त्यात कुटुंबाची ताटातूट होऊ शकते. वर डोक्यावर दिवे तापलेले असले तरी वातानुकूलन जोरात असते, तेव्हा शाल किंवा पातळ स्वेटर न्यावा.

मग सुरू होते वाट पाहणे. पाहुणा चित्रपटाच्या दुसऱ्या प्रसिद्धी कार्यक्रमातून येत असतो, मेकअप चालू असतो, दिवे जुळवायचे असतात. एक-दोन तास सहज जातात. इतक्या वेळात चहा-पाणी मिळेलच याची खात्री नसते. ज्यांना मधुमेह आहे किंवा ठरावीक वेळी औषध घ्यावे लागते, त्यांनी जेवून जावे आणि औषध जवळ ठेवावे, हे ठासून सांगायला हवे. चित्रीकरण सुरू झाल्यावर मध्येच उठता येत नाही, त्यामुळे स्वच्छतागृहाचा रस्ता आधीच पाहून ठेवावा. प्रेक्षकांना बोलावणाऱ्यांनीही पाणी, थोडे खाणे आणि वेळेची स्पष्ट कल्पना ही किमान सौजन्ये पाळली पाहिजेत. काही निर्मितीसंस्था ती मनापासून पाळतात, आणि तिथल्या प्रेक्षकांचा चेहरा शेवटच्या तासापर्यंत टवटवीत राहतो. तो फरक पडद्यावरही दिसतो.

मुख्य चित्रीकरणाआधी एक माणूस माइक घेऊन पुढे येतो. तो विनोद सांगतो, कोण कुठून आले विचारतो, नाशिकचे कोणी असतील तर मिसळ आणि द्राक्षे यांवरून दोन वाक्ये टाकतो. हे वॉर्म-अपचे काम दिसते तेवढे सोपे नाही. परस्परांना न ओळखणाऱ्या माणसांचा एक समुदाय व्हायला वेळ लागतो. अनोळखी माणसांत माणूस मोकळे हसत नाही. शेजारचा हसला की धीर येतो, आणि एकदा ती लकेर पसरली की पुढचा सगळा कार्यक्रम सोपा होतो. याच वेळी टाळ्यांची तालीम होते: जोरात, सलग, हात छातीच्या उंचीवर. मग काही रिॲक्शन शॉट घेतले जातात. समोर काहीही घडत नसताना हसा, आश्चर्य दाखवा, गंभीरपणे ऐका, असे सांगून कॅमेरा चेहऱ्यांवरून फिरवतात. हे तुकडे पुढे संकलनात जोडासाठी वापरले जातात. ही फसवणूक आहे का, असा प्रश्न पडणे रास्त आहे. दोन वाक्यांमधला सांधा लपवण्यासाठी वापरलेला हसरा चेहरा क्षम्य मानता येईल. पण ज्या विनोदावर कोणी हसलेच नाही, त्याच्यापुढे हशा चिकटवणे हा घरच्या प्रेक्षकाशी आणि स्टुडिओतल्या प्रेक्षकाशीही केलेला अप्रामाणिकपणा आहे.

प्रत्यक्ष चित्रीकरणात सत्ता फ्लोअर मॅनेजरची चालते. ‘सायलेन्स’ अशी हाक येते, कॅमेरे फिरू लागतात, त्याचा हात वर जातो आणि टाळ्यांच्या गजरात सूत्रसंचालक प्रवेश करतो. कार्यक्रमाला एका वेळी अनेक कॅमेरे असतात: काही स्थिर, काही खांद्यावर, आणि एक लांब दांड्यावरचा, ज्याला सेटवर जिमी जिब म्हणतात. तो डोक्यावरून सरकत जातो, तेव्हा वर पाहायचे नाही. कोणत्याच कॅमेऱ्याकडे पाहायचे नाही. बाजूच्या खोलीत दिग्दर्शक पडद्यांच्या भिंतीसमोर बसून प्रत्येक कॅमेऱ्याला कानातल्या यंत्रातून सूचना देत असतो. कलाकारांच्या कपड्यांना कॉलर माइक असतात. प्रेक्षकांच्या डोक्यावर वेगळे माइक टांगलेले असतात आणि त्यांत हसण्याबरोबर कुजबुज, खोकला, प्लॅस्टिक पिशवीची खरखरही तितक्याच इमानाने मुद्रित होते.

पहिल्यांदा जाणाऱ्याला सर्वांत जड जातो तो रीटेक. वाक्य अडखळले, माइक खरखरला, दिवा गेला, की तोच प्रवेश पुन्हा होतो, आणि तोच विनोद दुसऱ्यांदा ऐकून प्रेक्षकाने हसायचे असते. मुरलेले कलाकार अशा वेळी दोन शब्द बदलून विनोद ताजा करतात. समोर बसून ते पाहणे हा या सगळ्या खटाटोपाचा खरा मोबदला आहे. टीव्हीवर न दिसणारी गोष्ट तिथे दिसते: दिवे बदलत असताना थकलेला कलाकार पायरीवर टेकलेला असतो आणि हाक येताच तो क्षणात भूमिकेत शिरतो. विनोदी नट किती मेहनत करतो हे समजायला याहून चांगली शाळा नाही.

एका दिवसात अनेकदा एकाहून अधिक भाग चित्रित होतात. सेट उभा ठेवण्याचा, दिव्यांचा, तंत्रज्ञांचा खर्च दिवसावर असतो आणि वाहिनीला पुढच्या भागांचा साठा, म्हणजे ‘बँक’, तयार ठेवायची असते. प्रेक्षक तोच राहणार असेल तर त्याची जागा बदलतात, कधी ओढणी किंवा शाल बदलायला सांगतात. प्रश्नमंजूषेच्या कार्यक्रमात प्रेक्षकाचे काम आणखी प्रत्यक्ष असते. ‘कौन बनेगा करोडपती’ ३ जुलै २००० रोजी सुरू झाले, तेव्हापासून स्टुडिओतल्या प्रेक्षकांचा कौल ही स्पर्धकाची एक लाइफलाइन होती. २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे प्रेक्षकच नव्हते, म्हणून ती लाइफलाइन काढून टाकावी लागली आणि पुढच्या वर्षी प्रेक्षक परतल्यावर तीही परतली. साथीच्या काळात अमेरिकेतले टॉक शो सूत्रसंचालकांच्या घरून होत होते. एरवी हशात न्हाणारे विनोद शांत खोलीत पडत होते आणि उत्तम लिहिलेली वाक्येही अवघडून उभी राहत होती.

प्रेक्षकांना स्टुडिओत आणण्याऐवजी कार्यक्रमानेच प्रेक्षकांकडे जावे, हा मार्ग मराठी वाहिन्यांनी चांगला वापरला. आदेश बांदेकर यांचा ‘होम मिनिस्टर’ २००४ पासून घराघरांत गेला. तिथे शेजारी-पाजारी आणि सोसायटीतली मुलेच प्रेक्षक होती आणि बक्षीस होते पैठणी, ज्या वस्त्रासाठी नाशिक जिल्ह्यातले येवला ओळखले जाते. ‘चला हवा येऊ द्या’नेही महाराष्ट्राचा दौरा काढून शहरोशहरी मोठ्या मैदानांवर प्रयोग केले. मैदानात हजारोंच्या गर्दीत टिपेचा जल्लोष असतो, पण कुजबुजीतला विनोद हरवतो, स्टुडिओत उलट.

चित्रीकरण संपते तेव्हा शेवटच्या टाळ्या वाजतात, पण प्रेक्षकांना लगेच सोडत नाहीत. राहिलेले तुकडे घेतले जातात, मग मोबाइल परत मिळतात. पाहुण्यांबरोबर छायाचित्राची आशा धरू नये. ते बहुधा मागच्या दाराने निघून जातात. त्यानंतर संकलनात कित्येक तासांच्या चित्रणातून प्रसारणाचा भाग काढला जातो. दूरचित्रवाणीवर तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटे जाहिराती दाखवण्याचा नियम आहे, म्हणजे तासाच्या भागात कार्यक्रम पाऊण तासाहून थोडासाच अधिक उरतो. स्टुडिओत सर्वांत रंगलेला प्रसंगही लांबला म्हणून किंवा कोणाला दुखावेल म्हणून गळू शकतो. आपण कुठल्या भागात आणि कुठल्या दृश्यात दिसू, हे प्रेक्षकाला कोणी कळवत नाही. त्यासाठी चित्रीकरणाची तारीख आणि पाहुण्यांची नावे घरी येताच टिपून ठेवावीत. वाहिनीच्या जाहिरातींत ती नावे दिसली की भाग ओळखता येतो, आणि प्रसारण चुकले तरी झी५ किंवा सोनीलिव्हसारख्या ॲपवर त्या-त्या वाहिनीचा भाग नंतर पाहता येतो.